डावऱ्या हाताचे ओरखडे

ताई : इंजिनाच्या हेडला हात लावायचा नाही, म्हटलं होतं की नाही?

धाकटा : म्हटलं होतंस.

ताई : मग हात कशाला शिवशिवले? बघ इथे. इथून हवा आत जाते. ही भिंत मी मुद्दाम खरखरीत ठेवली होती, पेट्रोल हवेत नीट मिसळावं म्हणून. तू आरशासारखी चकचकीत केलीस. तोंड बघायचं होतं का त्यात?

धाकटा : परत खरखरीत करता येईल ना?

ताई : येईल. आणि या भोकाचं काय? घासत घासत थेट इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या नळीत घुसलास. आता इंजिनात पाणी जाणार. रविवारी गाड्यांची शर्यत आहे. मी एकटीने बांधलेलं इंजिन पहिल्यांदा धावणार होतं, त्याचं पार वाटोळं केलंस. वर फडक्याखाली झाकून ठेवलंस.

धाकटा : चुकलं गं.

ताई : चुकलं म्हणे. तो घासायचा ग्राइंडर हातात धर बघू.

धाकटा : आता कशाला?

ताई : धर म्हणते ना.

धाकटा : हा घे. धरला.

ताई : उजव्या हातात धरलास. हे ओरखडे उलट्या बाजूने आलेत. डावऱ्या हाताचे आहेत. घरात डावरं माणूस एकच आहे.

धाकटा : मी जेवायला गेलो होतो, ताई. परत आलो तर बाबा म्हणाले, पोरीचं काम अर्धवट राहिलं होतं, उरकून टाकलं.

ताई : आणि तू स्वतःवर घेतलंस.

धाकटा : तू त्यांची हत्यारं कुलपात ठेवशील म्हणून. मागेच म्हणाली होतीस.

ताई : ठेवणारच. आजच ठेवते. हात थरथरतात, सकाळी केलेलं दुपारी आठवत नाही, आणि म्हणे उरकून टाकलं. माझ्या कामाची काही किंमत आहे की नाही या घरात? येऊ देत त्यांना, तोंडावर सांगते.

(बाबा चष्मा पुसत आत येतात, हेड उचलून उजेडात धरतात.)

बाबा : हे कोणी केलं? हवा आत यायची जागा इतकी गुळगुळीत? पेट्रोल भिंतीला चिकटून बसेल. हेच शिकवलं का मी तुम्हाला? आणि हे भोक? कोणाच्या बापाचं काय जात होतं जरा हळू घासलं असतं तर?

धाकटा : बाबा, ते मी...

ताई : मी केलं, बाबा.

बाबा : तू? तुझा हात असा नव्हता कधी.

ताई : घाई झाली.

बाबा : यापुढे मला विचारल्याशिवाय हेडला हात लावायचा नाही.

ताई : नाही लावणार.