चावी न्यायला आलेला प्रेक्षक

आमच्या महाडच्या नाट्यगृहाला कुलूप कसं लागलं, ते सांगितलं नाही ना मी तुम्हाला? नाट्यगृह विद्यापीठाचं. पोलादपूर-वरंधकडच्या खेड्यांतल्या माणसांना नाटक शिकता यावं म्हणून बांधलेलं. आम्ही सगळे तिथेच घडलो. पुराचं पाणी स्टेजवर चढलं तेव्हा चिखल आम्हीच उपसला; विद्यापीठातून कोणी फिरकलं नाही. आले ते थेट बंद करायला.

विद्यापीठाचे साहेब चावी घ्यायला आले, त्याच दिवशी आमचा शेवटचा प्रयोग होता. म्हटलं, "बसा, बघून जा." बसले बिचारे. नाटकात आईचं काम यशोदाबाईचं. पोलादपूरच्या वरच्या वाडीतली, घरी शेळ्या राखणारी बाई. पण मुलाचं प्रेत बघून ती नुसती उभी राहिली आणि पहिल्या रांगेत साहेबांनी रुमाल काढला. विंगेत आम्ही एकमेकांचे हात घट्ट धरले. वाटलं, हा माणूस वर जाऊन आपल्यासाठी बोलणार.

पडदा पडल्यावर ते आत आले आणि चक्क यशोदाबाईच्या पाया पडले. "बाई, असं काम मी कुठे पाहिलं नाही." मग डोळे पुसले, घड्याळ बघितलं आणि माझ्याकडे वळले. "चावी देताय ना? वीर स्टेशनवरून गाडी आहे मला."

दिली.

त्यांची रिक्षा गेली. यशोदाबाई तोंडावरच्या रंगासकट पायरीवर बसली.

"काम वायट झालं असतं ना, तर बरं झालं असतं रे," ती म्हणाली. "निदान बंद का केलं, ते तरी कळलं असतं."