अबोलीच्या गाठी

तुम्हांला खरे वाटणार नाही. मलाही अजून शंका येते. बायकोने केसांत माळलेली शेवटची अबोलीची फाती, तो दोरात गुंफलेला गजरा, मी रेझिनच्या पेनात बसवून घ्यायला डिचोलीतल्या पेन बनवणाऱ्याकडे दिली. रेझिनमध्ये फुले काळी पडतील या भीतीने दोनदा परत मागायला गेलो. तिसऱ्यांदा गेलो, तर पेन तयार होते. फुले तपकिरी झाली होती. मी काही बोलणार, तोच तो म्हणाला, "काका, ही दोघांनी गुंफली काय? केळीच्या दोराच्या गाठी अर्ध्यावरून उलट्या फिरतात."

मी डावखुरा. तिचे हात थकले, तेव्हा उरलेली फाती मी पुरी केली होती. घरात कुणालाच कळले नव्हते. मी पेन त्याच्यापुढे धरले.

"त्या उलट्या गाठी माझ्या. सैल आहेत का रे?"

त्याने भिंग लावून पाहिले. "ना काका. तुमच्याच घट्ट आहेत."