पट्टी नापास!

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या बाई, त्यांचे यजमान आणि मानसशास्त्र विभागातील मित्रहो,

बाईंनी मला बजावलंय, ‘कौतुक करायचं तर मोजून कर.’ मी पडलो संख्याशास्त्राचा माणूस. मोजायला सांगितलं की मला चेवच येतो. पण बाईंना मोजायचं कशानं?

बाईंची सजगतेची प्रश्नावली आपल्याला पाठ आहे. मन कामावर असतं की भटकतं, हे ज्याचं त्यानं ‘कधीच नाही’ ते ‘नेहमी’ अशा पाच पर्यायांतून सांगायचं. उभं आयुष्य त्यांनी त्यात घातलं. एका रुग्णालयात परिचारिकांसाठी ध्यानाचा वर्ग काढला, तेव्हा हीच प्रश्नावली आम्ही वर्गाआधी आणि वर्गानंतर भरून घेतली. आकडे आले ते उलटे! शिकून सजगता घटलेली! व्यवस्थापकांनी सांगून टाकलं, गुण वाढले नाहीत तर वर्ग बंद. मी आकडेमोड पुन्हा पुन्हा तपासली, चूक काही सापडेना.

माफ करा, कुठे होतो मी? हां, आकडे.

बाई उठल्या आणि थेट परिचारिकांच्या विश्रांतीच्या खोलीत जाऊन बसल्या. मी मागोमाग. खुर्च्यांवर स्वेटर टाकलेले, पाय वर घेऊन दमलेल्या बायका बसलेल्या. बाईंनी वाचलं, “‘हातातल्या कामावर माझं लक्ष असतं.’ उत्तर देताना मनात काय येतं, ते बोला.”

एक वयस्क परिचारिका हसली. “अहो बाई, आधी मी ‘नेहमी’ लिहिलं. खरंच तसं वाटायचं मला. आता गोळ्या काढताना मन घरी जातं, जावेशी भांडून परत येतं, आणि ते जाताना मला दिसतं! मग ‘नेहमी’ कसं लिहू?”

तेव्हा मला उलगडलं. वर्गाचा उपयोग झाला होता, म्हणूनच गुण घटले होते! प्रश्न तोच होता, पण उत्तर देणारी आता स्वतःकडे बघायला शिकली होती. एवढं अफाट मन, आणि आपण त्याला पाच पर्यायांत बसवायला निघालो होतो!

अहवालात एखादी गुळमुळीत ओळ घालून बाईंना आपली प्रश्नावली सांभाळता आली असती. परतताना त्या जिन्यात थांबल्या.

“लिही, वर्ग पास. माझी पट्टी नापास.”

“बाई, एवढ्या वर्षांचं काम...”

“अरे, पण मन केवढं निघालं बघ!”

स्वतःचं काम मोडताना इतका आनंदलेला चेहरा मी दुसरा पाहिला नाही. व्यवस्थापकांना त्यांनी स्वतः जाऊन समजावलं. वर्ग राहिला, प्रश्नावली गेली, आणि बाई पुन्हा पहिल्या प्रश्नापासून बसल्या.

बोलायची संधी दिलीत, संयोजकांचा मी आभारी आहे. काही कमीजास्त बोललो असेन तर पोटात घाला. मघाशी मी अडखळलो, तेव्हा मन वरच्या मजल्यावर गेलं होतं, उद्यापासून बाई नसतील त्या खोलीत. पण बाई, ते जाताना मला दिसलं.