ठकीच्या हाडातलं पानी

आन् वर गावातली मानसं मलाच म्हनत्यात, कोंडिबा, पोरीला पोटभर घालत न्हाईस, म्हनून हाड पोकळ निघालं! आता काय बोलायचं सांगा तुमी? माझी ठकी दोन भाकरी खाती, वर आईच्या ताटातली चतकोर उचलती, आन् ही मानसं... बरं, पोरीनं केलं तरी काय? शेतातल्या माळ्यावर हुभं ऱ्हाऊन, बाजरीवरची पाखरं हाकलाया नुसती गोफन फिरवली हो. धोंडा गेला भाटघरच्या धरणाकडं आन् हात ऱ्हायला लोंबकळत. खांद्याच्या खाली काडकन मोडला. नऊ वर्साची पोर, रडायचंबी इसरली, नुसती माझ्याकडं बघाय लागली.

तशीच उचलली आन् भोरला दिलावरभाईंकडं नेली. हाडं बसवन्यात त्यांचा हात कुनी धरत न्हाई. कामट्या बांधल्या, तेल दिलं, हात जुळला. आमी देवीला नारळ फोडून मोकळं. आन् तुमाला सांगतो, पौशात शेळीनं दाव्याला जरा हिसडा दिला, तर पुन्यांदा त्याच जागी मोडला! मी रागारागानं दिलावरभाईंच्या दारात. त्यांनी हात चाचपला, कामट्या खाली ठेवल्या आन् म्हनाले, "कोंडिबा, एकाच जागी दोनदा मोडलं. हे माझ्या हातचं न्हाई. पुण्याला ने." माझा राग तिथंच इरला.

मग भोरची मोटार, कात्रजचा घाट, खड्ड्या-खड्ड्याला पोर दात दाबून बसलेली... पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात हाडाचा फोटू काढला. डॉक्टरांनी तो खिडकीच्या उजेडाला धरला. बघतो तर काय, भुंगा लागलेल्या वाशावानी हाड आतनं पोकळ, वरची साल तेवढी ऱ्हायलेली. माझ्या मनात एकच, आता हात कापनार. लेकीची जात, एका हातानं पानी कशी भरंल, भाकरी कशी थापंल, हिला करून कोन घेईल? आन् नुसती गोफन फिरवली हो तिनं!

डॉक्टर आपले शांत. "घाबरू नका. हाडात पोकळी झाली आहे, तीत पाणी आहे. लहान मुलांना होतं असं. वाईट रोग नाही, हात कापायचा नाही." जीव भांड्यात पडला. इचारलं, झालं कशानं? तर म्हनाले, ते आम्हालाही ठाऊक नाही. घ्या! एवढा घाट चढून गेलो, ते ठाऊक न्हाई हे ऐकाया! वर म्हनत्यात, मोडलं ते एका परीनं बरंच. मोडलेलं सांधताना कधी कधी पोकळीबी भरून येती. हात गळ्यात बांधून ठेवा, शिमगा उरकून या, तोवर दुसरं काही करू नका.

काही करू नका... आमच्या गावात? अवो, आमच्यात साधी उचकी लागली तर निम्मा गाव दारात येतो. शेजारचा गेनबा लेप घेऊन आला. त्याला घालवला तर माझी सासू, चंद्राबाई, वेल्ह्यावरनं बिब्बा कनवटीला लावून हजर. तापवून डाग द्यायचा. म्हनली, "पावनं, माझ्या नातीच्या हाडात पानी साठलंय आन् तुमी हात बांधून बसलाय? डाग दिला की पानी आटंल." मी दारात आडवा बसलो. सासू रुसली, फुलाबाईनं... म्हंजी आमच्या मंडळींनी... अबोला धरला. आन् खरं सांगू? आतनं मलाबी वाटत हुतं, द्यावा डाग. कायतरी केल्यासारखं तरी वाटंल. नुसतं बघत बसनं लई वाईट, बाबांनो. पन न्हाई दिला.

शिमगा झाला. दुसरा फोटू. हाड जुळलेलं, पन पोकळी निम्मी तशीच. डॉक्टर म्हनाले, आता उघडून आतनं खरवडायचं, आन् तिच्याच नडगीच्या हाडाच्या कपच्या काढून तिथं भरायच्या. मी म्हनलं, सायेब, दुखनं हाताचं आन् पाय का उकरता? पोरीनं नुसती गोफन फिरवली हो! तर म्हनत्यात, नडगी आपोआप भरून येते. मी भिताडाकडं तोंड केलं. तवा ठकीनं माझं धोतर ओढलं. "आबा, माजंच हाड हाय न्हवं? मग घेऊ द्या की."

झालं. भूल दिली, खरवडलं, भरलं. माझा जीव दाराबाहेर टांगलेला. पन हात वाचला! आज ठकी त्याच हातानं शेन थापती, भावाच्या पाठीत धपाटा घालती. मी डॉक्टरांचे पाय धरले, म्हनलं, सुटलो न्हवं? ते म्हनाले, "सध्या बरं आहे. पण तिची वाढ चालू आहे तोवर पुन्हा पोकळी होऊ शकते. वाढ थांबली की मग बहुतेक भीती नाही."

आता सांगा, मी देवापुढं काय मागावं? जगातला हरेक बाप म्हनतो, लेकरू वाढू दे. आन् मी रोज सकाळी तिला दाराच्या चौकटीशी हुभी करतो, डोक्यावर हात ठेवून बघतो, आन् म्हनतो, बये, हाय एवढी पुरं.