धुऱ्यावरचं बी

जिजाबाई : मुकुंदा, तुह्या बायकोले काही रीत आहे का नाही? मले न विचारता माहं लॉन खणलं, अन् दारापुढं तरोटा अन् कुरडू लावला! लोक बंगल्यापुढं गुलाब लावते.

मुकुंद : माय, जूनपासून तू तेच बोलून राहिली. उन्हाळ्यात बोअर आटली होती वं. लॉनले पाणी कुठून आणू? तरोट्याले पाऊस पुरते.

जिजाबाई : वीस वर्षं लोकायच्या वावरात हाच तरोटा निंदला मी. हाच कुरडू. गुडघे गेले. घर झालं तवा तू म्हणला, माय, आता हिरवळीवर खुर्ची टाकून बस. अन् हिनं तेच निंदण माह्या खुर्चीसमोर आणलं! म्हणून आज सकाळी काढून टाकलं.

मुकुंद : काय काढलं?

जिजाबाई : समदं. खुरपंबी लागलं नाही.

मुकुंद : अरे बापा! माय, ते बी...

(फाटक वाजतं.)

नंदिनी : आई! हे कोणी उपटलं?

जिजाबाई : मी. मुळासकट. तुह्या सासूले अर्धवट काम जमत नाही.

नंदिनी : मुकुंद, बी कुठलं होतं ते सांगितलं नाहीस यांना?

मुकुंद : तूच सांगणार होती ना.

जिजाबाई : कुठलं होतं?

नंदिनी : भिवापूरचं. तुम्ही दोघी बहिणी निंदायला जायच्या, त्या वावराच्या बांधावरचं, धुऱ्यावरचं. रुख्मिणीमावशींनी पदरात वेचून दिलं. आता तिथं तणाचं औषध मारलंय. धुऱ्यावर काडी राहिली नाही.

जिजाबाई : रुख्मिणीले विचारलं तू. मी इथं दहा पावलावर बसली राहतो. मले काहून नाही विचारलं?

नंदिनी : मजुरीचा विषय निघाला की तुम्ही ताटावरून उठता, आई.

मुकुंद : जाऊ द्या ना आता. नर्सरीतून आणू काहीतरी.

नंदिनी : हे नर्सरीत मिळत नाही. शेंगाही भरल्या नव्हत्या. परवाच पिवळी फुलपाखरं अंडी घालून गेली होती.

जिजाबाई : दिसली मले. पानाखाली.

नंदिनी : दिसली? तरी उपटलं?

जिजाबाई : हात थांबला नाही. निंदणाऱ्याचा हात थांबला, तर मुकडदम ओरडे.

मुकुंद : माय, बस तू. पाणी आणतो.

जिजाबाई : पाणी नको. ऐक नंदिनी. मले सोडून रुख्मिणीले विचारलं, हे मी विसरणार नाही. पण या दारात लॉन लागणार नाही आता, अन् नर्सरीचंबी काही येणार नाही. तरोट्याचं समदं बी एका साली निघत नाही, हे माह्याइतकं कोणाले ठाऊक? मातीत राहिलं असंन, तर पुढच्या मिरगात निघंन. तवर अंगण असंच उघडं राहू दे. तुले दिसू दे. मलेबी.