निकाहनामा घरी राहिला त्याची गोष्ट

...नाही, पण मला एक सांगा, माणसाला स्वतःच्या बायकोशेजारी झोपायला कागद लागतो का हो? चौतीस वर्षं! चौतीस वर्षं ती माझं घोरणं ऐकतेय, त्याला कधी कागद लागला नाही, आणि त्या मराकेशच्या हॉटेलातला तो काल मिसरूड फुटलेला पोरगा मला विचारतो, ‘हाज, निकाहनामा?’ ...हसू नका! तुम्ही अझेमूरच्या बाहेर पाऊल टाकत नाही म्हणून हसता. एकदा बायकोला घेऊन आपल्याच देशात टूरिस्ट म्हणून फिरून दाखवा, मग बोलू!

तुम्हाला सांगतो, माझी काही हौस नव्हती. हौस बातूलची. मी पोस्टातून निवृत्त झालो, त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर ही समोर बसली आणि म्हणाली, ‘अहो, एक मागू?’ आता चौतीस वर्षांत या बाईने काही मागितलं नव्हतं, त्यामुळे मी घाबरलो. वाटलं, घटस्फोट! तर म्हणाली, ‘मला हॉटेलात राहायचंय.’ म्हटलं, ‘हॉटेलात? का? घराला काय झालं?’ तर म्हणते कशी, ‘आपण आजवर कुठे कुठे गेलो? रबातला गेलो तर तुमच्या बहिणीकडे. मेकनेसला गेलो तर तुमच्या काकांच्या मयताला. तांजेरला बारशाला, सेतात गावी सुंतेला. जिथे गेले तिथे चप्पल काढायच्या आत कुणीतरी हातात सुरी दिली आणि समोर कांदे ठेवले. मला एकदाच, अगदी एकदाच, अशा जागी बसायचंय जिथे माझं कुणी लागत नाही. कुणीतरी चहा आणून द्यावा आणि ग्लास कुठे विसळायचे ते मी विचारू नये.’

बोला आता! या बाईला नाही म्हणणारा माणूस कसला? मी म्हटलं, ‘झालं! मराकेश, फेझ, शेफशाऊन. तीन गावं, तीन हॉटेलं. नातेवाइकांना पत्ता लागू द्यायचा नाही.’ ती लाजली हो! साठीची बाई, नव्या नवरीसारखी लाजली. नवी बॅग आणली. चाकाची! आमच्या घरात पहिली चाकाची बॅग. गल्लीतून घरघर करत निघालो, शेजारीण विचारते, ‘कोण गेलं?’ कारण आमच्यात माणूस मेल्याशिवाय एवढी बॅग कोण भरतं? बातूल मान वर करून म्हणाली, ‘कुणी नाही गेलं. आम्ही टूरिस्ट!’

तर पोचलो मराकेशला. हॉटेल काय सांगू! मधे कारंजं, बाजूला संत्र्याची झाडं, आणि बसल्या बसल्या एकाने चांदीच्या ताटातून पुदिन्याचा चहा आणला. बातूलने ग्लास उचलला, ओठापर्यंत नेला... आणि तेवढ्यात काउंटरवरून ते, ‘हाज, निकाहनामा?’

मी म्हटलं, ‘बाळ, पहिली गोष्ट, मी हाज नाही, हजला अजून जायचंय. दुसरी गोष्ट, ही माझी बायको.’ तो म्हणतो, ‘असेल. पण हिच्या ओळखपत्रावर हिच्या वडिलांचं नाव आहे.’ अरे, मग कुणाचं असणार? आपल्याकडे बाई लग्न करते म्हणून काय बाप बदलते? ‘कागद दाखवा, नाहीतर दोन खोल्या घ्या. वेगवेगळ्या मजल्यांवर.’ वेगवेगळ्या मजल्यांवर! म्हणजे मी जिना चढून बायकोकडे गेलो तर कारंज्यात अपशकुन होणार! आणि तेवढ्यात माझ्या शेजारून एक परदेशी जोडपं गेलं, दोघांच्या मिळून अंगावर एक सदरा होईल एवढे कपडे, आणि याने त्यांना हसून किल्ली दिली. मी म्हटलं, ‘यांचा निकाहनामा?’ तर म्हणतो, ‘ते परदेशी आहेत हाज. नियम आपल्या लोकांना.’

आता चूक कुणाची? माझी. कबूल! आपल्या देशात बायकोसोबत हॉटेलात जाताना तो कागद लागतो हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. मला पण ठाऊक होतं. पस्तीस वर्षं मी अख्ख्या गावाचे कागद घरोघर पोचवले आणि माझा स्वतःचा एक कागद घरी, ब्लँकेटांच्या पेटीत! बातूलने ग्लास ताटात परत ठेवला. नुसतं माझ्याकडे पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मग मी काय करावं? गयावया सुरू केली. आणि गयावया करताना आपल्या तोंडून काय निघतं? तेच निघालं! म्हटलं, ‘बाळ, तू कुणाचा?’ ...हं, इथेच, इथेच माती खाल्ली! जीभ आवरली असती तर! पण आपल्याला माणूस दिसला की राहवतं का? तो म्हणतो, ‘मी सीदी बन्नूरकडचा, नौफल.’ मी म्हटलं, ‘बन्नूरला कुणाचा?’ तो म्हणाला, ‘ब्राहिम गवंड्याचा.’ म्हटलं, ‘ब्राहिम गवंडी? ज्याची मुलगी उलाद फ्रेजला दिलीय?’ ‘होय, माझी बहीण!’ ‘अरे, मग तू माझ्या मावशीच्या नवऱ्याच्या धाकट्या भावाच्या सुनेचा सख्खा भाऊ!’ आता एवढं जवळचं नातं! तो काउंटर ओलांडून आला, माझ्या डोक्याचं चुंबन घेतलं, माझ्या खांद्याचं घेतलं, डोळ्यांत पाणी! ‘काका, तुम्ही आणि हॉटेलात? माझं घर ओस पडलंय का? आई मला जिवंत ठेवेल का?’ मी म्हटलं, ‘अरे, पण आम्ही टूरिस्ट...’ बॅग गेली सुद्धा! चाकं हवेत! आणि चहा तसाच राहिला, एक घोट नाही हो, एक घोट.

नौफलची आई लाल्ला तामू दारातच ओरडली, ‘हॉटेलात जाणार होता? ऐकू नका गं बायांनो, भिंतींनो कान झाका! आमच्या तोंडाला काळं फासायला निघाले होते!’ बातूल हळूच म्हणाली, ‘लाल्ला, आम्ही पाहुणे...’ तर ती म्हणते, ‘पाहुणी? पाहुणी असतीस तर गादीवर बसवली असती. तू घरची!’ आणि दिली हातात सुरी. दोन किलो कांदे! दोन दिवस! तुम्ही विचाराल, मराकेशमध्ये काय पाहिलं? नौफलच्या वहिनीचं नवं वॉशिंग मशीन पाहिलं. चालू करून दाखवलं. दोनदा. आणि आम्ही म्हणे टूरिस्ट!

तिकडे आमच्या अनवरने, म्हणजे मुलाने, पेटी उपसून कागद शोधला आणि बसच्या ड्रायव्हरकडे दिला. कागद हातात आल्यावर मी त्याचा मुका घेतला. फेझच्या बसमध्ये बातूलने मला शपथ घातली. मुलांची, नातवंडांची, माझ्या मेलेल्या आईची. ‘फेझमध्ये कुणालाही, काहीही झालं तरी, तू कुणाचा असं विचारायचं नाही. सलाम म्हणायचं, कागद द्यायचा, गप्प.’ म्हटलं, गप्प!

आणि तुम्हाला सांगतो, मी गप्प राहिलो! काउंटरवर एक जाडजूड, चष्मेवाला गृहस्थ. चेहरा असा, असा ओळखीचा की माझ्या जिभेला खाज सुटली, अगदी आग झाली, पण मी दातांत धरली. सलाम, कागद, गप्प! बातूल मागे सोफ्यावर. तिला चहा आला. तिने ग्लास उचलला. तो माणूस कागद वाचतो. आपले जुने कागद माहितीयत ना, काझीच्या माणसाने लिहिलेले, मुंगी शाईत पडून चालत गेल्यासारखे! कुणाला वाचता येत नाहीत! तर या शहाण्याला येत होते. चष्मा पुसून मोठ्याने वाचतोय, ‘वर, बूशाइब, अमुक याचा मुलगा... वधू, बातूल... बरं... साक्षीदार, फकीह अयाशी, राहणार...’ आणि थांबला. चष्मा काढला. ‘फकीह अयाशी? ते वधूचे कोण?’ मी गप्प! शपथ आहे! मागून बातूल नकळत बोलून गेली, ‘मामा.’ ‘मामा?’ तो किंचाळला, ‘ते माझ्या बायकोचे आजोबा!’

मी बातूलकडे वळलो, म्हटलं, ‘हा तुझ्याकडचा बरं का!’ नव्हतं म्हणायला हवं. पण तोंडातून गेलं.

बॅग गेली. चहा राहिला. दुसरा दिवस शुक्रवार! नमाजानंतर त्यांच्याकडे चौदा माणसं कुसकुस खायला. सात भाज्या. सातही भाज्या कुणी सोलल्या असतील, ओळखा! मी बैठकीत तक्क्याला टेकून, पुरुषांमध्ये, माझ्या हातात चहा, माझ्यासमोर बदाम. पाणी प्यायला आत गेलो तर ही बुटक्या स्टुलावर बसलेली, दुखरा गुडघा लांब केलेला, भोपळा कापतेय आणि खिडकीतून बाहेर बघतेय. बाहेर काय, तर शेजाऱ्याची भिंत. मला पाहिलं, तर हसली. म्हणाली, ‘भूक लागली का? होतंच आलंय.’ ...नाही, खोटं कशाला बोलू, मला रडू आलं. मी तिथे पाण्याचा पेला घेऊन गाढवासारखा उभा. या बाईने चौतीस वर्षांत एक गोष्ट मागितली होती, आणि ती म्हणजे काय, तर चहा! आणि मला अख्ख्या देशात एक अनोळखी माणूस सापडू नये?

शेफशाऊनच्या बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत बसली. मीच बोलत होतो. ‘तिथे आपलं कुणी नाही, डोंगरातलं गाव, आपल्याकडचा माणूस तिथे वाट चुकूनसुद्धा जात नाही.’ ती नुसती हं. मग हॉटेलच्या दाराशी आली, आणि काय झालं कुणास ठाऊक, माझ्या हातातून बॅग घेतली आणि पुढे निघाली. घरघर घरघर! थेट काउंटरवर. तिथे इकराम नावाची एक मुलगी, तिच्यापुढे आपलं ओळखपत्र ठेवलं, म्हणाली, ‘एक खोली. एका माणसाची. तीन दिवस.’

मी मागून धापा टाकत पोचलो. इकराम म्हणते, ‘आणि हे?’

बातूलने वळून मला पाहिलं. डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. आणि म्हणाली, ‘हे होय? बसमध्ये शेजारच्या सीटवर होते. भले गृहस्थ आहेत बिचारे, फार बोलतात.’

अहो! माझ्या पायाखालची जमीन! मी म्हटलं, ‘बातूल! अगं! मी नवरा!’ इकरामचा चेहरा कडक झाला. ‘निकाहनामा?’ मी खिसे चाचपले. वरचा, खालचा, आतला. ‘कागद... कागद यांच्या पर्समध्ये आहे!’ इकराम म्हणाली, ‘हाज, वय काय, करता काय? बाईच्या मागे हॉटेलपर्यंत यायचं, आणि वर तिच्या पर्सवर डोळा?’ लॉबीतले सगळे बघायला लागले. एक म्हातारी थू म्हणाली! आणि बातूल? बातूल किल्ली घेऊन जिना चढली. गुडघा दुखतो ना तिचा? टणाटण चढली हो!

दारावरचा म्हातारा, अह्मीदो नाव त्याचं, मला हात धरून बाहेर घेऊन आला. मला वाटलं, मारतो. पण त्याला माझी दया आली. म्हणाला, ‘दादा, तुम्ही कुणाचे?’ मी हात जोडले. म्हटलं, ‘कुणाचाच नाही! शपथेवर सांगतो, मी कुणाचाच नाही!’ तर म्हणतो, ‘बोलण्यावरून अझेमूरकडचे वाटता. मी फौजेत असताना तिकडे दोन वर्षं होतो. तुमच्या लोकांची भाकर खाल्लीय मी. चला घरी!’ नेलं. त्याच्या बायकोने दार उघडलं. मी म्हटलं, ‘वहिनी, त्रास देतोय, पाहुणा...’ ती म्हणाली, ‘पाहुणे कसले? घरचेच!’ आणि माझ्यापुढे तीन किलो घेवडा ओतला. सोलायला. मी! बायकांत बसून! नखं हिरवी झाली, पाठ गेली, सदऱ्यावर डाग पडले म्हणून तिने तो धुवायला घेतला आणि मला अह्मीदोचा जुना जेलाबा दिला, पायघोळ, टोपीवाला, पट्ट्यापट्ट्यांचा, लोकरी, बोकडाचा वास येणारा. आणि आम्ही म्हणे टूरिस्ट!

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो हॉटेलसमोर. ती निळी गल्ली, निळ्या पायऱ्या. बसलो पायरीवर, जेलाब्याची टोपी डोक्यावर. वर गच्चीत बातूल. एका खुर्चीत बसलीय, दुसऱ्या खुर्चीवर पाय. एक वेटर उंचावरून तिच्या ग्लासात चहा ओततोय, फेस येतोय. तिने ग्लास उचलला, ओठाला लावला... मी श्वास रोखला, तुम्हाला सांगतो, इकडेतिकडे पाहिलं, कुणी नातेवाईक येतोय का... आणि प्यायली. सगळा प्यायली! डोळे मिटून. मग ग्लास टेबलावर ठेवला आणि विसळायला उठली नाही. मला काय वाटलं कसं सांगू? चौतीस वर्षांत इतकी सुंदर दिसली नव्हती. मी खालून हात केला.

तिने पाहिलं. जरा वेळ बघत राहिली. मग पर्समधून फोन काढला, एक डोळा मिटला, आणि माझा फोटो घेतला. उभा एक, आडवा एक. गावोगावचे परदेशी घेतात ना, पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्याचा, तसा! मी ओरडणार, एवढ्यात तो वेटर धावत खाली आला आणि माझ्या तळहातावर एक दिरहाम ठेवला. म्हणाला, ‘वरच्या बाईसाहेबांनी, लाल्लांनी दिलाय. म्हणाल्या, बाबा छान बसलेत, उठू नका म्हणावं, अजून एक काढायचाय.’

काय करणार? बसलो. नीट बसलो, टोपी सारखी केली. तीन दिवस, रोज सकाळी त्याच पायरीवर. टूरिस्ट ती झाली हो... मी प्रेक्षणीय स्थळ.