नुसतं बघायचं

जयराज शिंदे? आपल्या ऑफिसात? न्हाई गं, तुला भेटला न्हाई कारण त्यो — आधी बस की, उभ्या उभ्या काय विचारतीस! कुठनं काढलंस हे नाव? — त्या एआय असिस्टंटनं सांगितलं? काय म्हणतंय ते? सगळा क्लाउड वाचून झाला, ह्या एका नावाजवळ सगळ्या किल्ल्या हायत, आन् हा गडी रोज सकाळी आत येतो. असं म्हणतंय व्हय. हुशार हाय. असंल गं, एखादं जुनं काम त्येच्या नावानं आपोआप चालत असंल, जुन्या सिस्टीमीत ऱ्हातंय असलं कायबाय. — हातानं पासवर्ड टाकून येतोय? बघू. बघू म्हणलं ना. आन् पुढचं पण कळलं मला, तू काय मागायला आलीयास ते. "दादा, असिस्टंटला नुसतं वाचायला दिलंय, बदल करायची पण परवानगी द्या, म्हंजे हे जुनं नाव तेच काढून टाकंल." हेच ना? तर न्हाई. न्हाई मिळणार.

रागावू नको. तू पाटणची, पुण्यात शिकलीस, एवढ्या लांबनं माधवनगरच्या ह्या बंद मिलच्या शेडात कामाला आलीस, आन् आलीस ती कामाचीच आलीस — मला बरं वाटतं. पण तुला कुणी सांगितलं न्हाई, आपण सांभाळतो ते काय हाय. सांगली-तासगावकडची कोल्ड स्टोरेजं. बेदाणा, हळद. कुठल्या खोलीत थंडी किती, कुठलं दार उघडं ऱ्हायलं, गॅस कुठं गळतोय का — सगळं आपल्या प्रोग्रॅमावर, आन् आपला प्रोग्रॅम दुसऱ्याच्या भाड्याच्या मशिनींवर. क्लाउड क्लाउड म्हणतो, पण तिथलं एक बटण हिकडं दाबलं की तिकडं खरोखरच्या खोलीत खरोखरचं कायतरी हुतंय. हे इसरायला लय सोपं हाय.

आमच्या अण्णांचा हळदीचा धंदा, तवनाप्पा म्हणलं की मार्केट यार्डात अजून वळखतात. हरिपुरात पेवं हुती आमची. पेव म्हायती हाय का? कसं असणार, तुमच्याकडं नसतंय ते. जमिनीत खोल खड्डा, तोंडाला माणूस कसाबसा जाईल एवढा, आत पोट मोठं. त्यात हळद भरून तोंड लिंपून टाकायचं, वर्षानुवर्षं कीड लागत न्हाई. का लागत न्हाई? आत हवाच नसती. म्हणून पेव उघडलं की कुणी लगीच उतरायचं न्हाई, मालक असला तरी न्हाई. आधी तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. जळत ऱ्हायला तर माणूस. इझला तर वर वढा आन् गप बसा. एकदा एक नवा हमाल म्हणाला, अण्णा, कंदील आत जातोयच तर त्येच्यासंगं पोतं पण सोडू की, एक फेरी वाचंल. अण्णांनी त्येला असा झापला! कंदिलानं उजेड पाडायचा, हळद उचलायची न्हाई. आपला असिस्टंट तसला कंदील हाय, क्रांती. त्येला त्येचं स्वतःचं नाव दिलंय, माझं न्हाई, तुझं न्हाई. बघायचं, वाचायचं, चूक दिसली तर सांगायचं. किल्ली पण कशी, थोड्या वेळानं आपोआप निकामी हुणारी. पासवर्ड ठेवलेत तिथं तर बघायला पण बंदी — पाहुणा घरात आला म्हणून आपण त्येला कपाट उघडून दावतो का? आन् त्येनं सुचवलेलं करायचं ते माणसानं, दुसऱ्या माणसानं वाचून घेतल्यावर. यळ जातो. जाऊ दे की.

जयराज मला हसायचा ह्यावरनं. "पारसदादा, बैल आणला, दावणीला बांधला, आन् आता नुसता बघत बसतोयस व्हय?" — फलटणचा गडी, बाप सुभेदार, घरात शिस्त अशी की विचारू नको, आन् ह्याला कशात दम म्हणून न्हाई. मी आन् त्यो, दोघांनीच काढलं हे ऑफिस. तुझी खुर्ची त्येचीच. न्हाई, उठू नको, बस. खुर्चीला काय हुतंय. त्या वक्ताला हे असिस्टंट नवेनवे आलेले, आपल्याकडं आला तवा त्येला नाव नको, वेगळं खातं नको, जयराजनं सरळ स्वतःची किल्ली त्येच्या हातात दिली. म्हंजे ते जे करंल ते जयराजनं केलं. आन् काम असं झरझर व्हायला लागलं की मी पण गप बसलो. आमी दोघं हप्ताभर मांडून जे करायचो ते जेवणापर्यंत हुयाला लागलं, कुणाला नको असतंय ते?

मग एक दिवस त्येनं साफसफाई काढली. जुनं, वापरात नसलेलं सगळं हुडक म्हणाला असिस्टंटला. हुडकलं त्येनं. लय इमानदारीनं हुडकलं. कधीच चालल्या न्हाईत असल्या गोष्टी एका जागी आणून ठेवल्या. त्यात एक घंटा हुती. मिरज रोडला एक कोल्ड स्टोरेज हाय, नाव नको, तिथं अमोनियावर चालतंय सगळं, आन् तिथला भोंगा कवाचा मेलेला. म्हणून आमी घंटा बसवलेली — गॅस गळला की सगळ्यांच्या फोनवर एकदम वाजायचं. बसवल्यापास्नं ती एकदा पण वाजली न्हवती. देवाची कृपा म्हणायचं की न्हाई? मशिनच्या लेखी ते वापरात न्हाई. कधी वाजलीच न्हाई, मग ठेवायची कशाला? — तू हसू नको. हसत न्हाईस? मला वाटलं हसलीस. गेली घंटा. त्येच्यानंतर थोड्याच दिवसांनी, भर दुपारी, जयराज तिथंच गेला, एक सेन्सर बदलायला. मागच्या खोलीत नळी फुटलेली. घंटा असती तर त्येचा फोन फाटकातच वाजला असता. त्येनं दार उघडलं, आन् —

पाणी दे जरा. तिथं, तुझ्या मागं.

मला त्येची लय आठवण येती, खरं सांगतो. आन् आठवण काढायला जावं लागत न्हाई कुठं, ते हितंच मिळतंय. त्येला प्रोग्रॅमात मधी मधी मराठीत टिपा लिवायची सवय. "पारसदादा, हितं हात लावू नको, मोडंल." "हे मला पण कळलं न्हाई पण चालतंय, जय बजरंग." परवा मी असिस्टंटला विचारलं, ही थंडीची वेळ बदलली तर काय हुईल? तर म्हणतंय, जयराज यांनी ह्या ठिकाणी हात लावू नये असं सांगितलं आहे. सांगितलं आहे! जसं काय आत्ताच बाहेर चहाला गेलाय. त्येला वाचायला दिलंय मी, ते वाचतंय, त्येचा काय दोष? पण तवापास्नं ते कायपण सांगायला लागलं की मी आधी त्येच्यात जयराजचं नाव हाय का ते बघतो.

त्येची बायको, राजेश्वरी, फलटणला शाळेवर हाय. ती मला एकच विचारत हुती, दहाव्याला, बाराव्याला, सगळ्या लोकांत — "भावजी, घंटा कुणी काढली?" मी सांगितलं, मशिननं काढली वैनी. आपोआप. आमाला कुणाला पत्ता न्हाई. जयराजला तर न्हाईच न्हाई. — आन् खरंच की, मशिननंच काढली. हात तर मशिनचाच ना? काय? असिस्टंट विचारल्याबिगर काढत न्हाई? व्हय. विचारलं हुतं त्येनं. आता तुला सांगायचं न्हवतं हे. त्या दोघांचं सगळं बोलणं तिथं जपून हाय, कुणी पुसलं न्हाई. त्येनं सगळं लिवलं हुतं बाई, एकेक, आन् घंटेपुढं तर असं पण लिवलेलं की ही धोक्याच्या वेळची दिसते, काढण्याआधी खात्री करा. आन् खाली विचारलं, काढू का? आन् त्येच्या खाली जयराज — "हो." एवढंच. वाचलं न्हाई त्येनं. आपण तरी कुठं वाचतो गं? येतंय ते पुढं, आपण हो म्हणून मोकळं. पण ते शब्द हायत त्येच्या नावानं, कोण बी बघितलं तर म्हणंल, मेला त्यो स्वतःच्या हातानं. ते मी तिला कसं दावू? तिच्याकडं आता त्येच्या नावाबिगर ऱ्हायलंय काय? ते पान तिच्या नजरंला पडू द्यायचं न्हाई, एवढंच मी धरून बसलोय. बाकी मला कशाचं काय न्हाई.

मग खातं का ठेवलं? — बरोबर विचारलंस. तूच म्हणालीस, ज्या नावानं कुणी बरेच दिवस आत आलं न्हाई ते नाव असिस्टंट हुडकून काढतंय, काढून टाका म्हणून सांगतंय. चांगलं हाय ते, मीच तसं ठरवून दिलंय. आन् जयराजचं नाव त्यात यायला लागलं. महिन्याच्या महिन्याला. वापरात न्हाई, काढू का. वापरात न्हाई, काढू का. तेच शब्द, क्रांती! त्येच्याबद्दल! मला न्हाई झालं. त्येचा पासवर्ड मला ठावं, आमा दोघांत कुठं वेगळं काय हुतं. म्हणून मी — व्हय, मीच. मीच येतो रोज सकाळी, तुमी सगळी यायच्या आधी. करत काय न्हाई, शप्पथ, कशाला हात लावत न्हाई. आत गेलं की वर येतंय, "पुन्हा स्वागत, जयराज". तेवढं बघतो आन् बंद करतो. येड्यासारखं हाय. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मीच त्येला घरी घालवला असता. मेलेल्या माणसाची सगळ्या किल्ल्यांची जुडी दाराला लटकवून ठेवायची, आन् असिस्टंटला मात्र शंभर नियम! मला कळतंय. माझं मलाच कळतंय.

तर झालं तुझं समाधान? कळला कोण येतोय ते? आता काढायचं का ठेवायचं ते मला दिवाळीपतुर — काय? रोज म्हंजे रविवार सोडून गं. रविवारी मी हितं नसतोच, अण्णांना घिऊन बाहुबलीला जातो अभिषेकाला. — न्हाई, रविवारी कुणी नसणार. नीट विचार त्येला. — दर रविवारी? बघू, फिरव हिकडं. कुठनं येतंय ते दावतंय का? गाव?

फलटण.

त्येचा लॅपटॉप वैनीकडंच हाय की. त्येचं सामान लय दिवस हितंच पडून हुतं, माझं हे सकाळचं सुरू झाल्यावर गेल्या दिवाळीला मीच पोचवायला गेलतो. पासवर्ड पायजे हुता तिला, फोटो हायत आत म्हणाली, मीच उघडून दिला, हाताशी असावा म्हणून कागदावर लिवून पण दिला. एकच पासवर्ड वापरायचा त्यो सगळीकडं, कितीदा सांगितलं — आत येऊन काय उघडतीया ती? कळतंय का? न्हाई, नको सांगू. — सांग.

तेच पान. दुसरं काय? दुसरं काय न्हाईच? कशाला हात लावलेला न्हाई. नुसतं वाचतीया. आन् हे कवापास्नं — पार लॅपटॉप गेल्यापास्नं? म्हंजे आवंदा संक्रांतीला मी गेलतो तवा पण? मी तिच्या सोप्यात बसून पुन्यांदा सांगितलं गं, मशिननं केलं वैनी, जयराजला पत्ता न्हवता. ती म्हणाली, "व्हय भावजी, मला ठावं हाय." आन् मला चहा दिला. माझ्याकडं बघून, असं माझ्या पाठीवरनं हात फिरवल्यासारखं बोलली — मी म्हणलं, बरं झालं, पटलं तिला.

जयराजचं खातं काढ. व्हय, आजच. तू काढ, असिस्टंटला न्हाई सांगायचं, आन् काढायच्या आधी मला वाचून दाव काय काढतीस ते. आन् रविवारच्या आत तिच्या नावानं एक उघड. राजेश्वरी शिंदे. फक्त ते एक पान, नुसतं वाचायचं. — मला पण, ते पान वाचायला? मला नको. मला कशाला? जा आता तू. जा म्हणलं ना, दार लोटून घे.